ड्रमस्टिक का मोडते, आणि ती जास्त दिवस कशी टिकवता येते

एकाच पाकिटातून निघालेल्या दोन ड्रमस्टिक असतात. लाकूड तेच, लांबी तीच, वाजवणारे हातही तेच, आणि तरीही एक तीन आठवड्यांत टोकाखाली मोडते तर दुसरी तीन महिने साथ देते. ड्रम वाजवणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव आलेला असतो आणि बहुतेकजण त्याचे खापर नशिबावर फोडून नवी जोडी उघडतात. उपाय विचारावा तर प्रत्येकजण वेगळा सल्ला देतो. कोणी जवसाचे तेल चोळायला सांगतो, कोणी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायला सांगतो, तर कोणी पहिल्याच दिवशी टेप गुंडाळून टाकायला सांगतो. यांतले काही सल्ले थोडेफार उपयोगी आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि एक तर चक्क धोकादायक आहे. कोणता सल्ला कशात मोडतो हे ओळखण्यासाठी लाकूड मार कसा सोसते आणि शेवटी हार का खाते, हे आधी समजून घ्यावे लागते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. स्टिक ही झिजणारी वस्तू आहे आणि जन्मभर टिकणारी लाकडी स्टिक कोणत्याही लेपाने तयार होत नाही. पण तिचे आयुष्य दुप्पट-तिप्पट करणे आपल्या हातात असते. माझ्या अनुभवात त्याचा सर्वांत मोठा वाटा बाहेरून लावायच्या कोणत्याही द्रव्याचा नसून निवड, ओलावा आणि खाचांची वेळीच केलेली डागडुजी या तीन गोष्टींचा आहे.

स्टिकचे भाग आणि तिच्यावरचे आकडे

स्टिकच्या पुढच्या बोंडाला टिप म्हणतात, टिपेमागे निमुळत्या होत गेलेल्या भागाला शोल्डर म्हणजे खांदा म्हणतात, आणि मागच्या जाड टोकाला बट म्हणतात. 5ए, 5बी, 7ए, 2बी ही नावे जाडी सुचवतात आणि अंक जितका लहान तितकी स्टिक साधारणपणे जाड असते. सर्वांत परिचित 5ए स्टिक सुमारे 406 मिलिमीटर लांब आणि सुमारे 14.4 मिलिमीटर जाड असते, पण खांद्याकडे ती बरीच बारीक होत जाते. सगळे नाट्य घडते ते याच बारीक भागात.

लाकूड म्हणजे तंतूंची मोळी

लाकूड एकसंध दिसते, पण आतून ते उभ्या, पोकळ आणि अतिशय बारीक तंतूंची एकमेकांना चिकटलेली मोळी असते. मोळी लांबीच्या दिशेने ओढून तोडणे जवळजवळ अशक्य असते, पण तिच्यातल्या काड्या एकमेकींपासून सुट्या करणे सोपे असते. लाकूडही तसेच वागते. ओंडका आडवा तोडायला घाम गाळावा लागतो आणि तोच ओंडका उभा फोडायला कुऱ्हाडीचा एक घाव पुरतो, कारण तंतूंच्या दिशेने लाकूड जितके बळकट असते त्याच्या कितीतरी पटींनी ते तंतूंना आडव्या दिशेने कमकुवत असते.

स्टिकमध्ये हे तंतू टिपेपासून बटपर्यंत सरळ गेलेले असावेत, हीच तिच्या दीर्घायुष्याची पहिली अट आहे. कापताना लाकूड जरा तिरके धरले गेले, तर तंतू स्टिकच्या लांबीभर न जाता मध्येच एका बाजूने बाहेर निघतात. त्या जागी स्टिकला जोडून ठेवतात ते तंतू नव्हे, तर तंतूंमधला चिकटपणा. हा तिरकेपणा डोळ्याला किरकोळ वाटतो. दहा सेंटिमीटर लांबीत एक सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम सहा अंशांचा कल असला, तरी लाकडाची संथ वाकवण्याला तोंड देण्याची ताकद सरळ लाकडाच्या सुमारे 81 टक्के उरते आणि अचानक बसलेला मार सोसण्याची ताकद तर सुमारे 62 टक्क्यांवर येते. ड्रम वाजवणे म्हणजे अचानक बसणारा मारच, त्यामुळे आपल्या कामाचा आकडा दुसरा आहे. एकाच पाकिटातल्या दोन स्टिकच्या आयुष्यात एवढे अंतर का पडते, याचे मोठे उत्तर इथे सापडते.

बेसबॉलच्या जगाला हा धडा मोठी किंमत मोजून मिळाला. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये मेपलच्या बॅट तुटून त्यांचे तुकडे मैदानात उडू लागले, तेव्हा 2008 साली तुटलेल्या बॅटींची तपासणी झाली आणि तंतूंचा तिरकेपणा हे एक मुख्य कारण निघाले. मेपलमध्ये तंतूंची दिशा सहज दिसत नाही. म्हणून पुढच्या हंगामापासून बॅटच्या मुठीवर शाईचा ठिपका देण्याची पद्धत आली. शाई तंतूंच्या वाटेने पसरते, आणि तिचा ओघ बॅटच्या सरळ रेषेपासून तीन अंशांहून जास्त ढळला तर ती बॅट बाद होते. लॅकर म्हणजे चकचकीत संरक्षक लेप नसलेल्या मेपलच्या स्टिकवर बारीक पेनाने हीच परीक्षा घरीही घेता येते. हिकरी आणि ओकच्या स्टिकवर मात्र उभ्या रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. स्टिक निवडताना त्या खांद्याच्या भागात सरळ टिपेकडे जातात की मध्येच बाजूला सरून संपतात, एवढे पाहिले तरी अर्धी निवड झाली.

लाकडाची जातही महत्त्वाची आहे. हिकरी घनमीटरला सुमारे 800 किलो भरते आणि हार्ड मेपल सुमारे 700 किलो, तर कठीणपणात हिकरी मेपलच्या साधारण सव्वापट असते. कुऱ्हाडी आणि हातोड्यांच्या दांड्यांसाठी हिकरी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली ती मार पचवण्याच्या तिच्या गुणामुळे, आणि बहुतेक स्टिक हिकरीच्या असतात त्याचेही हेच कारण आहे. मेपल हलके आणि हळुवार वादनाला गोड असते, पण कडांवर ते लवकर खचते. ओक जड आणि टिकाऊ असते, पण मोडताना आगाऊ सूचना न देता मोडते असे माझे निरीक्षण आहे.

स्टिक एका फटक्यात मोडत नाही

मैफल रंगात असताना स्टिकचा तुकडा उडतो, तेव्हा तो शेवटचा फटका फार जोराचा होता असे आपल्याला वाटते. खरे तर त्या फटक्याने बऱ्याच दिवसांपूर्वी सुरू झालेले काम फक्त पुरे केलेले असते.

महिनाभर वापरलेली एखादी स्टिक दिव्याखाली धरून सावकाश फिरवून पाहा. टिपेपासून चार बोटांवर एक काळपट, खरबरीत पट्टा दिसेल. जवळून पाहिले तर त्यात शेजारी शेजारी पडलेल्या बारीक आडव्या खाचा असतात, जणू कोणीतरी बोथट सुरीने पुन्हा पुन्हा घाव घातले आहेत. काही खाचांच्या कडेला लाकडाची कुसळे उचकटलेली असतात आणि एखाद्या खाचेच्या तळापासून केसाएवढी चीर बटच्या दिशेने निघालेली असते. या खाचा हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने उघडझाप करायच्या सिंबलच्या (धातूच्या झांजांच्या) जोडीच्या, कडेने पाडलेल्या असतात. चांगले सिंबल 80 टक्के तांबे आणि 20 टक्के कथील अशा काशाचे असते, त्याची कड पातळ असते आणि ती लाकडापेक्षा कितीतरी कठीण असते. त्याच्या थोडे मागे बोथट चेपल्यासारख्या खुणा दिसतात. त्या स्नेअर ड्रमच्या पोलादी रिमच्या म्हणजे कड्याच्या असतात, आणि टिप ड्रमहेडवर म्हणजे ड्रमच्या पडद्यावर आणि स्टिकची काया रिमवर एकदम आदळणाऱ्या रिमशॉट या फटक्याने त्या पडतात.

या झिजेचा हिशेब अनपेक्षित आहे. गोल काठीची वाकण्याला तोंड देण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे जाडी निम्मी झाली तर ताकद निम्मी न होता आठव्या हिश्श्यावर येते. खांद्यावरचा 12 मिलिमीटरचा भाग चोहोबाजूंनी झिजून 10 मिलिमीटर झाला, तर जाडी फक्त सहाव्या हिश्श्याने घटते पण ताकद सुमारे 58 टक्केच उरते. त्यात खाचेचा दोष आणखी वेगळा. कापडाला काठाशी लहानसा काप दिला की ते नेमके तिथूनच टरकन फाटते, कारण ओढीचा सगळा भार त्या कापाच्या टोकाशी एकवटतो. स्टिकवरची तीक्ष्ण खाच हेच करते. सारख्याच खोलीची झीज गुळगुळीत असेल तर स्टिक पुष्कळ दिवस चालते आणि ती खाच बनून बसली असेल तर तिथूनच चीर निघते.

ओलावा: न दिसणारा भागीदार

लाकूड झाडापासून वेगळे झाले तरी हवेतला ओलावा घेणे आणि सोडणे थांबवत नाही. दमट दिवसांत लाकडी दार चौकटीत घट्ट बसते आणि कोरड्या दिवसांत सैल होते, ते यामुळेच. हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे, त्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ही आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 6 टक्के पाणी उरते, 50 टक्क्यांना सुमारे 9 टक्के आणि 80 टक्क्यांना सुमारे 16 टक्के. 50 ग्रॅमची स्टिक 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीतून 80 टक्क्यांच्या खोलीत जाऊन मुरली, की ती सुमारे 3 ग्रॅमने जड होते. सराईत हाताला हा फरक जाणवतो आणि काही दिवस आपल्याच स्टिक परक्या वाटतात त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

वजनापेक्षाही स्वभावातला बदल महत्त्वाचा आहे. लाकूड सुकते तसे ते ताठ होते आणि संथ भाराखाली अधिक बळकटही होते, पण मोडण्यापूर्वी वाकण्याची त्याची तयारी घटते. ओली फांदी लवते आणि वाळलेली काटकी कटकन तुटते. अति सुकलेली स्टिक काटकीसारखी वागते. दुसऱ्या टोकाला, फार ओलावलेली स्टिक लिबलिबीत लागते, तिच्यावर खाचा लवकर पडतात आणि तिचा आवाजही मंद होतो. म्हणून टिकाऊपणाच्या दृष्टीने लाकूड मधल्या टप्प्यात, म्हणजे साधारण 45 ते 60 टक्के आर्द्रतेच्या हवेत राहणे सर्वांत चांगले.

वाक येण्याचे कारणही ओलावाच आहे. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आखडत नाही, पण आडव्या दिशेने आखडते. तंतू सरळ असतील आणि सगळ्या बाजूंनी सारखे सुकले तर स्टिक फक्त किंचित बारीक होते. तंतू तिरके असतील किंवा एक बाजू उन्हाकडे आणि दुसरी सावलीकडे राहिली, तर एक बाजू दुसरीपेक्षा जास्त आखडते आणि स्टिक धनुष्यासारखी वळते. माझी एक उत्तम जोडी मी अशीच गमावली. वाजवून झाल्यावर घामाने ओल्या झालेल्या स्टिक बंद गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवल्या आणि दिवसभर ऊन खाल्ल्यावर त्या टेबलावर लोळवल्या, तेव्हा त्यांची मधली बाजू टेबलाला टेकत नव्हती. त्यांतली एक पुढच्याच आठवड्यात मोडली, आणि चीर नेमकी काचेकडे असलेल्या बाजूने गेलेली होती.

पाण्यात भिजवल्याने स्टिक चिवट होत नाही का?

या सल्ल्यात सत्याचा एक कण आहे, कारण वाजवीपेक्षा कोरडे लाकूड ठिसूळ होते हे आपण आताच पाहिले. पण बादलीतले पाणी तो दोष नीट भरून काढत नाही. पाणी आधी टोकांतून शिरते आणि आतल्या गाभ्यापर्यंत पोचायला फार वेळ घेते, त्यामुळे बाहेरचा थर फुगलेला आणि आतला कोरडा अशी ओढाताण सुरू होते. ती बाहेर काढून सुकवली की बाहेरचा थर आधी आखडतो आणि आता ओढ उलट्या दिशेने लागते. या येरझाऱ्यांत पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात, रेषा उठून लाकूड खरबरीत होते आणि वाक येतो तो वेगळाच. स्टिक खरोखर फार सुकल्या असतील तर त्या मध्यम आर्द्रतेच्या खोलीत आठवडाभर मोकळ्या ठेवणे पुरेसे असते. लाकूड हवेतून हवा तेवढा ओलावा स्वतःच, सावकाश आणि सगळीकडून सारखा घेते.

मग तेल, मेण किंवा लॅकर?

बहुतेक स्टिकवर कारखान्यातच लॅकरचा पातळ थर दिलेला असतो. हा थर ओलाव्याची ये-जा मंदावतो, पूर्ण थांबवत नाही, आणि धातूच्या कडेपुढे तर तो कागदाइतकाही टिकत नाही. म्हणजे लेपाचे काम ओलाव्यातले चढउतार सौम्य करणे आणि घाम व मळ आत मुरू न देणे एवढेच आहे. लेप लाकडाला अधिक कठीण करील, ही अपेक्षा चुकीची आहे.

तेलांमध्ये दोन जाती आहेत आणि घोटाळा इथेच होतो. जवसाचे तेल किंवा टंग तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते, म्हणून त्यांना सुकणारी तेले म्हणतात. इतर कित्येक तेले कधीच सुकत नाहीत. ती लाकडात ओलीच राहतात, धूळ धरतात, काही दिवसांनी खवट वास देतात आणि पकड निसरडी करतात. तेव्हा लावायचेच असेल तर सुकणारे तेल घ्यावे, कापडाने अगदी पातळ हात द्यावा, पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल कोरड्या कापडाने पूर्ण पुसून काढावे आणि काही दिवस स्टिक मोकळ्या हवेत ठेवाव्यात. शिवाय लॅकर शाबूत असेल तर तेल आत शिरतच नाही, ते वर चिकट थर बनून बसते. त्यामुळे लॅकर नसलेल्या, किंवा झिजून लाकूड उघडे पडलेल्या स्टिकलाच तेलाचा काही उपयोग असतो. मुठीच्या भागावर मेणाचा एक पुसट हात घाम आत मुरू देत नाही आणि काही वादकांना त्याने पकडही चांगली बसते. त्याहून जास्त मेण लावू नये.

सुरुवातीला ज्या धोक्याचा उल्लेख केला, तो इथे आहे. जवसाचे तेल सुकताना उष्णता बाहेर टाकते. तेलात भिजलेले कापड चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकले, तर ती उष्णता घड्यांमध्ये कोंडते, वाढत जाते आणि काडी न ओढताही कापड काही तासांत पेट घेऊ शकते. अशा चिंध्यांमुळे घरांना आणि कारखान्यांना आगी लागलेल्या आहेत. तेल लावलेले प्रत्येक कापड घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर, एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावे किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवावे. एवढी खबरदारी घेणे शक्य नसेल, तर तेलाचा नाद सोडून द्यावा. त्याने स्टिकचे फारसे काही बिघडत नाही.

टेप गुंडाळली तर झीज होणारच नाही ना?

टेप झीज थांबवत नाही, ती स्वतः झिजते, आणि म्हणूनच ती उपयोगी आहे. खांद्यावर नेमक्या मार बसणाऱ्या पट्ट्यात इन्सुलेशन टेपचे एक-दोन घट्ट वेढे किंवा गरम हवेने आवळणारी पातळ प्लास्टिकची नळी चढवली, तर धातूची कड लाकडाऐवजी त्या आवरणाला कापते. आवरण फाटले की बदलता येते. मी स्वतः जोरदार रिमशॉट असलेल्या वादनासाठी हे करतो आणि त्याचा लाभ स्पष्ट दिसतो.

पण त्याची किंमतही मोजावी लागते. पुढच्या टोकाशी वाढलेले एक-दोन ग्रॅम मुठीपासून लांब असल्यामुळे हाताला बरेच अधिक वाटतात आणि उसळी जराशी मंदावते. सिंबलवर आवरणाचा भाग लागला की आवाजातली धार कमी होते. शिवाय आवरणाखाली चीर लपून राहते. म्हणून आठवड्यातून एकदा टेप उतरवून आतले लाकूड पाहण्याची सवय नसेल, तर टेप न लावलेलीच बरी. मुठीकडे लावायच्या पकडीच्या टेपचा टिकाऊपणाशी संबंध आडवळणाचा आहे. तिच्यामुळे स्टिक घामाने निसटत नाही, त्यामुळे ती आवळून धरावी लागत नाही, आणि त्याचा परिणाम पुढे सांगितला आहे.

पण मी जोरात वाजवतच नाही, तरी मोडतात

जोरापेक्षा कोन जास्त महत्त्वाचा आहे. सिंबल आडवे, छातीच्या उंचीवर आणि नटाने घट्ट आवळलेले असेल, तर खाली येणाऱ्या स्टिकला त्याची कड समोरून पाते होऊन भेटते. तेच सिंबल वादकाकडे थोडे झुकवले आणि नट सैल ठेवला, तर फटका कडेवरून घसरत जातो, सिंबल मागे झुलते आणि माराचा बराचसा भाग त्या झुलण्यात विरून जातो. यात स्टिक वाचते आणि सिंबलला तडा जाण्याचा धोकाही घटतो. हाय-हॅटवर तर निवड आणखी सोपी आहे. वरच्या पृष्ठभागावर टिपेने वाजवण्याऐवजी सदासर्वकाळ कडेवर खांदा आपटणे हा स्टिक खाण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. तो भारदस्त आवाज जिथे हवा तिथे जरूर वापरावा, पण सवय म्हणून वापरू नये.

दुसरी गोष्ट मुठीची. सैल धरलेली स्टिक आदळल्यावर उसळते आणि माराची ऊर्जा परत वर घेऊन येते. आवळून धरलेल्या स्टिकला उसळायला जागा नसते, म्हणून ती ऊर्जा कंप बनून लाकडात आणि मनगटात जिरते. स्टिक वारंवार मोडत असतील आणि त्याच वेळी तळव्यावर फोड येत असतील किंवा मनगट दुखत असेल, तर दोन्हींचे मूळ एकच असण्याची दाट शक्यता आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे स्टिक मुठीत फिरवत राहणे. दर दोन-तीन गाण्यांनी पाव वळसा दिला की झीज एकाच जागी खोल न जाता गोलाकार पसरते आणि खाच धारदार होत नाही. हाय-हॅटवर चालणाऱ्या हातातली स्टिक दुसरीपेक्षा लवकर झिजते, म्हणून अधूनमधून दोन्हींची अदलाबदल करावी.

पॉलिश पेपरची पाच मिनिटे

इतक्या सगळ्या उपायांमधून मला एकच ठेवायला सांगितला, तर मी हा ठेवीन. चीर खाचेच्या तीक्ष्ण तळापासून निघते, तेव्हा तो तळ बोथट केला की चीर निघायला वेळ लागतो. आठवड्यातून एकदा स्टिक कोरड्या कापडाने पुसाव्यात, उचकटलेली कुसळे ओढून न काढता धारदार पात्याने मुळाशी कापावीत, कारण ओढलेले कुसळ आपल्यासोबत लांबवर निरोगी तंतू सोलून नेते. मग 220 नंबरच्या आणि त्यानंतर 320 नंबरच्या पॉलिश पेपरने तो पट्टा तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीच्या दिशेने घासावा. आडवे घासू नये, कारण त्यातून नव्या आडव्या रेघा म्हणजे नव्या बारीक खाचाच तयार होतात. सगळा पट्टा सपाट करण्याच्या नादात खूप लाकूड काढू नये. जाडीच्या घनाचा तो हिशेब इथेही लागू आहे. खाच पुसून टाकणे हा उद्देश नाही, तिची धार मोडणे हा आहे.

टिपेचेही असेच. लाकडी टिपेचा एखादा कपचा उडाला तर तिची राहिलेली तीक्ष्ण कड ड्रमहेडवर बारीक खड्डे पाडते, आणि ड्रमहेड बदलणे स्टिक बदलण्याहून खर्चिक असते. लहान कपचा घासून गोल करता येतो, किंवा सुरुवातीलाच पातळ सुपरग्लूचा एक थेंब टिपेत मुरवून तिला थोडे कठीण करता येते. अशी टिप सिंबलवर किंचित प्रखर वाजते. टिपेचा हा प्रश्न जुना आहे, आणि त्यावर 1958 साली अमेरिकन ड्रमवादक जो कॅलॅटो यांनी नायलॉनची टिप काढली. तिच्याने टिप वाचते, पण खांद्याचे दुखणे तसेच राहते.

न वाजवता ठेवलेल्या स्टिकही बिघडतात का?

बिघडतात. ऊन, हीटर, वातानुकूलन यंत्राचा थेट झोत आणि ओल्या भिंती यांपासून त्यांना दूर ठेवावे. स्टिक भिंतीला तिरक्या टेकवून महिनोन्‌महिने उभ्या ठेवू नयेत, कारण सततच्या भाराखाली लाकूड हळूहळू तोच आकार धरते. सपाट आडव्या किंवा कापडी पिशवीत सरळ टांगलेल्या चांगल्या. घामाने ओल्या स्टिक लगेच बंद प्लास्टिकमध्ये कोंबू नयेत, आधी पुसून वारा लागू द्यावा. आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहिली तर बुरशी धरू शकते.

कीड हा क्वचित येणारा पण पुरता नाश करणारा शत्रू आहे. लाकडाचा भुसा करणारे काही बारीक भुंगेरे सालीलगतच्या फिकट लाकडातल्या पिठूळ अंशावर वाढतात, आणि हिकरी व ओक ही त्यांच्या आवडीची लाकडे आहेत. एक-दोन मिलिमीटरची गोल भोके आणि त्यांखाली पिठासारखी मऊ पूड दिसली, तर ती स्टिक तत्काळ बाकीच्यांपासून वेगळी करावी. जपून ठेवायचीच असेल, तर हवाबंद पिशवीत घालून उणे 20 अंश सेल्सिअसला किमान आठवडाभर ठेवल्याने अळ्या मरतात. ती पुन्हा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड लाकडावर दव धरते.

स्वाक्षरी केलेल्या किंवा आठवणीच्या स्टिकचे नियम याहून वेगळे आहेत. स्वाक्षरी टिकावी म्हणून वरून लॅकर मारण्याचा मोह आवरावा, कारण त्यातले द्रावक मार्करची शाई विरघळवू शकते. घासणे, तेल लावणे आणि पुसणे यांपैकी काहीच करू नये. शाईचा मुख्य शत्रू प्रकाश आहे, म्हणून अशा स्टिक आम्लरहित कागदात गुंडाळून अंधाऱ्या, कोरड्या कप्प्यात ठेवाव्यात आणि मांडायच्या असतील तर ऊन न पोचणारी भिंत निवडावी.

एवढे सगळे करण्यापेक्षा लाकूड सोडून दिले तर?

ॲल्युमिनियमचा गाभा आणि बदलता येणारी प्लास्टिकची आवरणे असलेल्या किंवा कार्बन तंतूंच्या स्टिक मिळतात, आणि त्या लाकडापेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतात, हे मान्यच करायला हवे. सरावासाठी किंवा अतिशय जोरकस वादनासाठी त्या योग्य निवड ठरू शकतात. पण लाकूड मार काही अंशी स्वतःत जिरवते, त्याची उसळी आणि सिंबलवरचा आवाज हाताला आणि कानाला ओळखीचा असतो. शिवाय जिथे स्टिक झिजत नाही तिथे झीज दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जाते, आणि तो दुसरा कोणी म्हणजे सिंबल असेल तर तो सौदा महागाचा आहे. लाकडाची स्टिक झिजते म्हणून सिंबल वाचते, हे मी दोष न मानता तिचा गुण मानतो.

कोणत्या क्षणी बाजूला ठेवायची

नखाने किंवा दुसऱ्या स्टिकने हलकेच टिचकी मारून आवाज ऐकावा. निरोगी स्टिक स्वच्छ, टणक सूर देते, तर आत चीर गेलेली स्टिक फुटक्या मडक्यासारखी बदबद वाजते. लांबीच्या दिशेने नख अडकेल अशी चीर, खांद्याची डोळ्यांना जाणवणारी कंबर, किंवा वाकवून पाहताना येणारी बारीक करकर, यांपैकी एकही लक्षण दिसले तर ती स्टिक वादनातून काढावी. तिचा तुकडा कोणाच्या डोळ्याच्या दिशेने उडेल हे आधी सांगता येत नाही. गोंद भरून वर टेप गुंडाळलेली चिरलेली स्टिक फार तर सरावाच्या पॅडपुरती वापरावी, लोकांसमोर नाही.

जोडीतली एक गेली म्हणून दुसरी फेकून देण्याचे मात्र कारण नाही. उरलेली प्रत्येक स्टिक मी ग्रॅमच्या काट्यावर तोलतो, टिचकी मारून तिचा सूर ऐकतो आणि बटवर पेन्सिलीने वजन लिहून एका पिशवीत ठेवतो. पिशवीत आठ-दहा जमल्या की वजनात एका ग्रॅमच्या आत आणि सुरात जवळजवळ सारख्या अशा दोन-तीन नव्या जोड्या त्यांतूनच लागतात.